फिल्टर नवा, फट जुनीच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की रस्त्यांवरचे खड्डे मुरूम आणि क्रशरच्या कचेने भरले जातात. चार दिवसांत ती कच चाकांखाली दळली जाते आणि पुढचे सहा-सात महिने हवेत उडत राहते. त्यातच ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या टायरांना चिकटून आलेली शेतातली माती डांबरावर सांडते. याच दिवसांत गॅरेजमध्ये ‘ॲव्हरेज पडलंय, फिल्टर बदलून टाका’ हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा भाग, बदलला जातो, गिऱ्हाईक समाधानाने जाते. पुढच्या दिवाळीपर्यंत तीच गाडी निळा धूर सोडत बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि पिस्टनच्या कामाला येते. जुन्या मोटरसायकलींच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडते, की त्याबद्दल आपल्या वाचकांसाठी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले.

जुनी मोटरसायकल म्हणजे इथे कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल साध्या यांत्रिक भागात मिसळणारी गाडी. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन मिळाले. त्याआधीची स्प्लेंडर, सीडी १००, पॅशन, जुनी पल्सर, आरएक्स १००, बुलेट अशा असंख्य गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रोज धावतात. दूधवाले, वायरमन, शिक्षक, शेतकरी यांचे पोट त्यांच्यावर चालते. या गाड्यांचे इंजिन दणकट असते, पण आत येणारी हवा मोजणारा सेन्सर त्यांच्यात नसतो. फिल्टरमधून किती हवा येते आणि ती किती स्वच्छ येते, यावर त्यांचे सगळे आयुष्य ठरते.

फिल्टर दोन प्रकारे बिघडतो आणि या दोन बिघाडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चोंदलेला फिल्टर पेट्रोल खातो. गळका फिल्टर इंजिन खातो. पहिल्याचा त्रास लगेच जाणवतो, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. दुसऱ्यात गाडी उलट हलकी, मोकळी चालते आणि मालक खूश असतो. नवा फिल्टर निवडताना ‘हवा किती सोडतो’ हे पाहण्याआधी ‘कडेने हवा सोडतो का’ हे पाहायला हवे, असे आमचे ठाम मत आहे.

थोडा हिशोब मांडतो. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरते, म्हणजे त्याला जवळपास ११ किलो हवा लागते. आपल्याकडच्या तापमानात ही हवा ९ हजार लिटरच्या आसपास होते. लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी १२ हजार किलोमीटर चालली, तर तिने २०० लिटर पेट्रोल आणि १८ लाख लिटर, म्हणजे १८०० घनमीटर हवा ओढली. धुळीच्या रस्त्यावर घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ धरू. ही सगळी मिळून १.८ ग्रॅम होते. फिल्टर त्यातली ९९ टक्के धूळ अडवत असेल, तर १८ मिलिग्रॅम आत जाते. आता त्याच उत्तम फिल्टरच्या कडेला फट राहिली आणि फक्त पाच टक्के हवा तिथून शिरली असे समजा. त्या फटीतून ९० मिलिग्रॅम धूळ सरळ आत गेली, वर फिल्टरमधून निसटणारी १७ मिलिग्रॅम. म्हणजे १८ च्या जागी १०७, जवळपास सहापट. शिवाय फिल्टर जसजसा भरत जातो तसतशी त्याच्यातून हवा ओढायला जोर लागतो आणि फटीचा वाटा आपोआप वाढत जातो. महागातला फिल्टर घेऊन कडेचा रबर वाळलेला ठेवला, तर त्या जादा पैशांचा काहीच उपयोग होत नाही, तो यामुळे.

ही धूळ साधी नसते. वाळूतल्या क्वार्ट्झचा काठिण्यांक ७ आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची खडी फोडल्यावर जी कच उडते तिच्यातल्या फेल्डस्पारचा ६. काच साडेपाचच्या आसपास येते, म्हणजे हे दोन्ही कण काचेवर ओरखडा काढू शकतात. असा कण सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलाला चिकटला की त्याची व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी पेस्ट होते आणि पिस्टनची रिंग ती पेस्ट मिनिटाला हजारो वेळा वरखाली फिरवते. बोअर वरच्या टोकाला सर्वांत जास्त झिजतो. मग रिंगेची पकड सुटते, ऑइल वर चढते, निळा धूर दिसू लागतो. गोष्ट तिथेही थांबत नाही. ही पेस्ट ऑइलबरोबर खाली उतरते. स्प्लेंडर-सीडी १०० पद्धतीच्या १०० सीसी इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्लचच्या बाजूला फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि तळाची जाळी, एवढ्यावरच भागवलेले असते. ऑइलमध्ये गेलेली अगदी बारीक धूळ व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि रॉकर, तसेच ऑइल पंपापर्यंत फिरत राहते. हेडमधून ‘टिक-टिक’ सुरू झाली की टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) सेट करून घेतात. पण कॅमवर चर पडले असतील तर टॅपेटचा काय इलाज?

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीला तर एअर फिल्टरची आणखी जास्त काळजी हवी. तिथे बाहेरची हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत जाते आणि मग सिलिंडरमध्ये. म्हणजे धूळ पहिल्यांदा क्रँकच्या बेअरिंगांना आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला भेटते. फिल्टर काढून ठेवला तर दुसरे संकट येते: हवा वाढते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि लांबच्या चढावर पिस्टन पकडतो (सिलिंडरमध्ये अडकतो). ‘फिल्टर काढला की आरएक्स उडते’ असे सांगणाऱ्यांचे ऐकून कितीतरी चांगले बोअर वाया गेले आहेत. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तिचा मूळ मापाचा चांगला सिलिंडर आज सहज मिळत नाही, हे तरी लक्षात घ्यावे.

आता निवडीकडे. दुकानात तीन-चार प्रकार मिळतात आणि गाडीतला फिल्टरचा डबा (एअर बॉक्स) ज्या प्रकारासाठी बनला आहे तोच घ्यावा, हा पहिला नियम.

कागदी फिल्टरमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक फार थोड्या मालकांना ठाऊक असतो. एक कोरड्या कागदाचा. दुसरा तेल पाजलेल्या कागदाचा, ज्याला व्हिस्कस पेपर म्हणतात. तेलाच्या कागदाचा नवा फिल्टर खोक्यातून काढला की किंचित ओलसर, तुपकट लागतो. काही जण ‘हा वापरलेला आहे’ म्हणून परत करतात. काही जण त्याला कंप्रेसरची हवा मारून किंवा उन्हात ठेवून ‘स्वच्छ’ करून बसवतात. दोन्ही चुकीचे. त्या तेलातच धूळ पकडायची ताकद आहे. या फिल्टरला हवा मारायची नाही, पेट्रोलने धुवायचे नाही, आपटायचे नाही. मुदत संपली की फेकायचा आणि नवा घ्यायचा.

कोरड्या कागदाला हवा मारता येते, पण कशी ते पाहा. आतल्या बाजूने बाहेर, हातभर नसले तरी वीतभर अंतरावरून, आणि दाब दोन किलोच्या आत. आपल्याकडे टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरची नळी बोटभर अंतरावर धरून सहा-सात किलोचा फवारा मारतात. कागदाच्या घडीच्या टोकाला त्याने सुईएवढी भोके पडतात. फिल्टर पांढराशुभ्र दिसतो आणि कामातून गेलेला असतो. दोनदा साफ केला, तिसऱ्यांदा बदलला, असे धोरण ठेवावे. पाण्याने तर कधीच धुऊ नये. ओला झालेला कागद वाळला तरी त्याची घडी पूर्वीसारखी उभी राहत नाही.

स्पंजचा, म्हणजे फोमचा फिल्टर जुन्या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी सापडतो आणि सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहेत. बाजारातल्या गादीच्या दुकानातून तुकडा आणून कात्रीने कापून बसवणे ही सर्रास चालणारी युक्ती आहे. गादीचा फोम बसायला मऊ हवा म्हणून बनवतात. त्याची छिद्रे लहान-मोठी असतात, काही बंदच असतात आणि पेट्रोलच्या वाफेने तो फुगतो, काही महिन्यांत कुरतडल्यासारखा सुटू लागतो. त्याचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात अडकतात. फिल्टरचा फोम वेगळा असतो. त्याची छिद्रे एकसारखी आणि आरपार उघडी असतात. तोंडाने फुंकले तर हवा सहज जाते आणि कोपऱ्यावर पेट्रोलचा थेंब टाकून दहा मिनिटे थांबले तरी तो फुगत नाही, चिकट होत नाही. दुकानदारासमोर ही परीक्षा करायला संकोच वाटू देऊ नका.

फोमच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. जुन्या गाडीचे शौकीन ‘कंपनीच्या सील खोक्यातला जुना स्टॉक’ शोधत पुण्याच्या नाना पेठेपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत फिरतात आणि त्याला चढी किंमत देतात. धातूच्या भागाला ते ठीक आहे. पॉलियुरेथेनचा फोम मात्र खोक्यात पडल्या-पडल्या हवेतल्या ओलाव्याने कुजतो. पंधरा-वीस वर्षांचा ‘नवा’ फोम बोटांनी दाबला तर परत फुगत नाही, चिमटीत भुगा येतो. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे हे आणखी लवकर होते. असा फोम इंजिनाकडे तोंड करून बसवणे म्हणजे आपल्या हाताने भुगा आत ढकलणे. फोम आजचाच घ्या. त्याच्या आतली प्लास्टिकची किंवा पत्र्याची जाळीची चौकट मात्र जुनी, मूळची जपून ठेवा. ती नसेल तर फोम कार्ब्युरेटरच्या तोंडाकडे ओढला जातो.

फोम धुण्याची रीत अशी. भांड्यात रॉकेल घेऊन त्यात फोम बुडवायचा आणि दोन तळव्यांमध्ये दाबायचा. कपड्यासारखा पिळायचा नाही, पिळला की सांध्याचा गोंद सुटतो आणि आतल्या पेशी फाटतात. पेट्रोल वापरू नये. गोंद विरघळतो आणि आगीचा धोका असतो. रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही. तेव्हा कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण चालतो, फक्त तीन-चार वेळा करावे लागते. सावलीत पूर्ण वाळू द्यायचा, उन्हात किंवा सायलेन्सरवर नाही. मग तेल. बहुतेक पुस्तिकांत इंजिन ऑइल किंवा ८०-९० गिअर ऑइल सांगितलेले असते, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल ते घ्यावे. तळहाताएवढ्या फोमला १५ ते २० मिलिलिटर पुरते. फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून मळला की तेल सगळीकडे सारखे लागते आणि हातही खराब होत नाहीत. शेवटी दाबून जादा तेल काढायचे. उभा धरला तर एकही थेंब खाली पडता कामा नये, पण पांढऱ्या कागदावर दाबला तर सगळीकडे सारखा ठसा उमटला पाहिजे. तेल कमी पडले तर बारीक धूळ आरपार जाते. जास्त झाले तर हवा अडते, प्लग काळा होतो आणि फिल्टर बदलणाऱ्याला विनाकारण दोष येतो. तेल न लावता कोरडा फोम बसवणे ही मात्र सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कोरडा फोम फक्त किडे आणि पालापाचोळा अडवतो.

तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरायचे महागडे फिल्टर काही गाड्यांसाठी मिळतात. त्यांतून हवा मोकळी जाते हे खरे, पण बारीक धूळ अडवण्यात ते चांगल्या कागदाच्या सहसा मागेच राहतात. शर्यतीच्या गाडीचे इंजिन वारंवार उघडले जाते, तिथे ते चालते. ज्या गाडीला रोज खडीच्या रस्त्याने वस्तीवर जायचे आहे तिला कागद किंवा तेलाचा फोमच बरा. डबा काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट बसवायचे शंकूच्या आकाराचे उघडे फिल्टर तर रोजच्या वापराच्या गाडीला लावूच नयेत. एअर बॉक्स म्हणजे रिकामा डबा नव्हे. त्याचा आकार, त्याच्या नळीची लांबी हे सगळे धरून कारखान्यात कार्ब्युरेटरचे जेट ठरवलेले असतात. डबा गेला की मिश्रण पातळ होते, मेन जेट मोठा घालावा लागतो, सुईची खाच बदलावी लागते. इतके करूनही पावसाळ्यात पुढच्या गाडीने उडवलेले पाणी सरळ त्या शंकूवर येते.

खरेदीला जाताना जुना फिल्टर बरोबर न्या. नवा हाती येऊन नीट बसेपर्यंत तो फेकू नका. नुसते ‘स्प्लेंडरचा द्या’ म्हणू नका. एकाच नावाने वीस-पंचवीस वर्षे निघालेल्या गाडीत फिल्टरचा आकार आणि प्रकार बदलत गेलेला असतो. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल असते, ते सांगा. पार्ट नंबर मिळाला तर उत्तम. होंडाच्या पद्धतीच्या नंबरात (ही पद्धत हिरो होंडाच्या गाड्यांनाही लागू होती) पहिले पाच अंक सुट्या भागाचा प्रकार सांगतात आणि मधली तीन अक्षरे-आकडे कोणत्या मॉडेलसाठी तो बनला ते सांगतात. एअर फिल्टरचे एलिमेंट साधारण १७२ ने सुरू होते. म्हणून ‘सुरुवातीचे आकडे जुळतात, म्हणजे हाच’ हे दुकानदाराचे म्हणणे पुरेसे नाही, मधले तीन जुळले पाहिजेत. कंपनीने नंबर बदलून दिला असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडच्या कॅटलॉगमध्ये जुन्या नंबरापुढे नवा नंबर दिसतो.

नंबर जुळला तरी काउंटरवर पाच मिनिटे खर्च करा. व्हर्नियर (व्यास मोजायचे साधन) असेल तर बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि उंची मोजा. नसेल तर जुना आणि नवा एकमेकांवर ठेवून पाहा. उंचीत एक मिलिमीटर कमी म्हणजे झाकण बंद झाल्यावर फिल्टर आत हलणार. मग घड्या मोजा. एक उदाहरण देतो. ६० घड्या, प्रत्येक १५ मिलिमीटर खोल आणि ८० मिलिमीटर उंच असतील, तर घडीच्या दोन्ही बाजू धरून कागद १४४० चौरस सेंटिमीटर भरतो. दिसायला हुबेहूब तसाच, पण ४० घड्यांचा डुप्लिकेट घेतला तर कागद ९६० वर येतो. तितकीच हवा दोन-तृतीयांश कागदातून जाणार, म्हणजे तिचा वेग दीडपट. असा फिल्टर लवकर भरतो आणि ‘कंपनीचा सुद्धा टिकत नाही’ अशी ओरड होते. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, दोन घड्या एकमेकींना चिकटून बसल्या आहेत का, हेही नजरेने कळते.

सर्वांत महत्त्वाची कड. फिल्टरच्या टोकाचा रबर किंवा मऊ पॉलियुरेथेनचा गोल नखाने दाबा. खड्डा पडून लगेच भरून आला पाहिजे. दगडासारखा टणक असेल तर तो डब्याच्या तोंडावर बसणार नाही. कागद आणि कड यांच्या सांध्यावर गोंद सलग आहे का, ते बोट फिरवून पाहा. शेवटी अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च फिल्टरच्या आत धरा. कागद मंद, सारखा उजळला तर ठीक. कुठेही टाचणीच्या टोकाएवढा झगझगीत ठिपका दिसला तर तो फिल्टर परत करा. जुन्या फिल्टरवरही हीच परीक्षा घरी करता येते आणि इतकी वर्षे आत काय जात होते ते डोळ्यांनी दिसते.

बसवण्याच्या कामात घाई नको. साइड कव्हर काढून डब्याचे झाकण उघडल्यावर आधी कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडका कोंबा, मग ओल्या कापडाने डबा आतून पुसा. हवा मारली तर डब्यातली धूळ नळीत जाते. जुन्या डब्यांना कोपऱ्यात बारीक चीर असते, झाकणाचे चारांपैकी एक-दोन स्क्रू गायब असतात, झाकणाची रबरी पट्टी आखडलेली असते. अशा डब्यात सोन्याचा फिल्टर घातला तरी निभाव लागत नाही. चीर एपॉक्सीने भरता येते. पट्टी नवी मिळत नसेल तर त्याच जाडीची पेट्रोल-ऑइलला टिकणारी रबरी दोरी चालते. डब्याच्या तळाला पाणी आणि ऑइल निथळण्याची नळी असते. तिच्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते, ते तारेने काढा. नळीच्या टोकाला टोपण असेल तर ते जाग्यावर हवे आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून रिकामे करायला हवे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर सीटचा फोम कुरतडून डब्यात घर करतात, तेही तपासा.

डबा आणि कार्ब्युरेटर यांना जोडणारा रबरी बूट हा या साखळीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. त्याच्या वळ्या बोटांनी ताणून पाहा. वीस वर्षांच्या रबराला वळीच्या आत चिरा असतात, वरून दिसत नाहीत. क्लिप घट्ट असूनही बूट हलत असेल तर तो आखडला आहे. फिल्टरनंतरच्या या भागात फट असली तर तिथून येणारी हवा एका कणाचीही गाळणी न होता आत जाते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर महागडा फिल्टर सोडून साधा, मापात बसणारा फिल्टर आणि नवा बूट घ्या. आणखी एक: क्रँककेसची ब्रीदर नळी (आतली वाफ बाहेर सोडणारी) डब्यात येत असेल आणि नवा फिल्टर काही दिवसांतच ऑइलने भिजत असेल, तर दोष फिल्टरचा नाही. एक तर इंजिनात ऑइल जास्त भरले आहे, नाहीतर रिंगा गेल्या आहेत. ऑइलची पातळी मोजा, मग पुढचे बोला.

सगळे बसवल्यावर एक सोपी खात्री करता येते. बुटाच्या आतल्या, म्हणजे फिल्टरनंतरच्या स्वच्छ बाजूला बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर लावा. दोन-तीनशे किलोमीटर चालवून उघडा. ग्रीस होते तसे चकचकीत असेल तर काम बरोबर. चिमटीत घेऊन चोळल्यावर कचकच लागली, तर कुठेतरी फट आहे. धुळीची रेघ कुठून येते ते पाहिले की फटीची जागाही सापडते. ही परीक्षा फुकट आहे आणि प्रत्येक जुन्या गाडीची एकदा तरी व्हायला हवी.

चोंदलेल्या फिल्टरची खूण म्हणजे गाडी निम्म्या थ्रॉटलपर्यंत बरी आणि पुढे दबते, प्लग काजळीने काळा, अंगावर पेट्रोलचा वास. गळक्याची खूण म्हणजे प्लग पांढुरका, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके आणि कालांतराने घटणारे ऑइल. पीयूसी मिळाली म्हणजे फिल्टर ठीक, असे मात्र समजू नका. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, पण ती तपासणी आयडलिंगवर, म्हणजे थ्रॉटल न देता उभ्या गाडीवर होते. तेव्हा हवा इतकी कमी लागते की अर्धा चोंदलेला फिल्टरही ती सहज देतो.

किती किलोमीटरला बदलावा याचे पुस्तिकेतले उत्तर बऱ्या रस्त्यांसाठीच असते. आपल्याकडे धूळ जिल्ह्यागणिक बदलते. विदर्भात जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि साखरपट्ट्यात चिपाडाचा भुसा फिल्टरच्या तोंडावर थर धरतो. गाडी लवकर दबते, पण इंजिनाला फारशी इजा नसते, थर झटकला की काम भागते. क्रशर, वीटभट्टी, चंद्रपूरकडची कोळसा-राखेची वाहतूक इथली धूळ पिठासारखी असते. ती कागदात खोल बसते. अशा भागात पुस्तिकेतला आकडा निम्मा धरावा. गाडी वर्षाला दोन-तीन हजारच चालत असेल तर किलोमीटर न मोजता दोन-तीन वर्षांनी फिल्टर बदलावा, कारण कडेचा रबर उभ्या गाडीतही वाळतो.

आपल्या वृत्तपत्रामार्फत उत्पादकांकडे आणि सुटे भाग विकणाऱ्यांकडे चार गोष्टी मागाव्याशा वाटतात. फिल्टरच्या खोक्यावर बाहेरचा व्यास, आतला व्यास, उंची आणि कागदाचे क्षेत्रफळ छापावे. कागद कोरडा की तेलाचा, आणि त्याला हवा मारायची की नाही, हे मराठीत ठळक लिहावे. फोमच्या पाकिटावर उत्पादनाचा महिना-साल असा छापावा, की वरून किमतीचे लेबल चिकटवले तरी तो दिसेल. बंद झालेल्या मॉडेलांचे रबरी बूट आणि डब्याच्या पट्ट्या मागणी कमी म्हणून बनवणे थांबवले जाते. फिल्टर मिळतो आणि बूट मिळत नाही, अशी स्थिती आज अनेक गाड्यांची आहे. दीड-दोनशे रुपयांच्या या रबराअभावी काही हजारांचे इंजिन काम निघते, तेव्हा निदान बूट आणि पट्टी या दोन वस्तू तरी फिल्टरबरोबर एकाच संचात विकायला ठेवाव्यात.

आपला,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, कराड